मध्यवस्तीतला शांत मुक्काम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: अंबाजोगाईहून आई-वडिलांना घेऊन तीन रात्रींसाठी छत्रपती संभाजीनगरला यायचे आहे. अजिंठा-वेरूळ पाहायचे, आईला गुलमंडीत खरेदी करायची आणि एक संध्याकाळ नातेवाइकांकडे घालवायची, म्हणून गावाबाहेरचे रिसॉर्ट नको, मुक्काम मध्यवस्तीतच हवा. वडिलांचे वय ७६, झोप अतिशय हलकी. आईचे गुडघे दुखतात. मागच्या खेपेला जालना रोडवरच्या एका बऱ्यापैकी महागड्या हॉटेलात रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तर भर शहरात शांत आणि आरामशीर हॉटेल मिळते का, आणि मिळत असेल तर ते आधी ओळखायचे कसे?

मिळते. मी याच शहरात २७ वर्षे हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसमध्ये काम केले, त्यातली ११ वर्षे रात्रपाळीची होती. रात्री दोन वाजता काउंटरवर उतरून येणाऱ्या, केस विस्कटलेल्या, संतापलेल्या पाहुण्यांशी माझा जितका परिचय आहे तितका फार थोड्यांचा असेल. त्या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली. आपण सगळे ‘शांत हॉटेल’ शोधतो, पण शांतता हॉटेलची नसते, खोलीची असते. एकाच हॉटेलात, एकाच रात्री, एकच भाडे देऊन उतरलेल्या दोन पाहुण्यांपैकी एक सकाळी आभार मानून जाई आणि दुसरा बिलावर सही करताना माझ्याकडे बघतही नसे. दोघांच्या खोल्यांमध्ये अंतर असे चाळीस फुटांचे. त्यामुळे हॉटेल निवडण्यावर जेवढा वेळ घालवाल त्याच्या निम्मा तरी वेळ खोली निवडण्यावर घालवा, असे माझे पहिले सांगणे आहे.

आता आवाजाचा हिशेब पाहू, कारण तो समजला की पुढचे सगळे आपोआप उलगडते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची मर्यादा आहे; निवासी भागात ती ५५ आणि ४५ आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चांगल्या झोपेसाठी शयनगृहातला सततचा आवाज ३० डेसिबलच्या पुढे जाऊ नये आणि मधूनच होणारा एखादा मोठा आवाजही ४५ च्या पुढे जाऊ नये. म्हणजे रस्त्याने नियम तंतोतंत पाळला तरी खिडकी-भिंतीने मिळून किमान २५ डेसिबल अडवले पाहिजेत. आणि आपला जालना रोड नियम किती पाळतो हे आपण मागच्या खेपेला ऐकलेच आहे.

प्लास्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत ४५ ते ५० डेसिबल सहज अडवते. साध्या काचेची बंद खिडकी २० ते २५ अडवते, तीही नीट बसलेली असेल तर. आणि खरी गोम पुढेच आहे: त्या सबंध भिंतीच्या क्षेत्रफळात शंभरातला एक भाग जरी फट असली, तरी भिंत कितीही जाड असो, एकूण मिळून २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. पाणी जसे भांड्याच्या एका छिद्रातून जाते तसा आवाज फटीतून येतो. म्हणून ‘आमचे बांधकाम जुने, दणकट आहे’ असे कोणी सांगितले तर ते खोटे नसते, पण उपयोगाचेही नसते. खिडकी कशी आहे ते विचारावे.

आपल्याकडच्या बहुतेक हॉटेलांत ॲल्युमिनियमच्या सरकत्या, म्हणजे स्लायडिंग खिडक्या असतात. दोन झडपा एकमेकींवरून सरकायच्या म्हणजे त्यांच्यामध्ये जागा राहणारच. तिथे लोकरीसारखी ब्रशपट्टी लावलेली असते आणि पाच-सहा वर्षांत ती झिजून टक्कल पडते. खालच्या पट्टीत पावसाचे पाणी जायला भोके असतात, त्यांतून आवाजही येतो. याउलट दारासारखी उघडणारी, चौकटीभोवती रबराची पट्टी असलेली आणि मूठ फिरवली की घट्ट आवळली जाणारी खिडकी असेल तर त्याच काचेत फरक लगेच जाणवतो. दुहेरी काच असली तर उत्तमच, पण दुहेरी काच सैल स्लायडिंगमध्ये बसवलेली मी पाहिली आहे. खर्च झाला, झोप काही मिळाली नाही.

रस्त्यापासूनच्या अंतराचे गणितही थोडे फसवे आहे. सतत वाहनांचा ओघ असलेल्या रस्त्यापासून आपण दुप्पट लांब गेलो तर आवाज जेमतेम तीन डेसिबलने कमी होतो, आणि तीन डेसिबलचा फरक कानाला अगदीच किरकोळ वाटतो. त्यामुळे ‘हॉटेल रस्त्यापासून आत आहे, समोर पार्किंग आहे’ याला फारसा अर्थ नाही. पण तीच इमारत आपल्या आणि रस्त्याच्या मध्ये आली, म्हणजे खोली मागच्या बाजूला असली, तर दहा-पंधरा डेसिबलचा फरक सहज पडतो. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून मागची खोली मागावी. समोरच्या खोलीला हॉटेलवाले ‘व्ह्यू’ म्हणतात आणि तिचे दोन-तीनशे रुपये जास्त घेतात, हा या धंद्यातला मला आवडणारा विनोद आहे. जालना रोडवर बघण्यासारखे काय आहे ते २७ वर्षांत मला समजले नाही.

याच रस्त्याची आणखी एक खोड आहे. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल आणि सिडको बसस्थानकापाशी उड्डाणपूल आहेत. वरचा मजला घेतला की आवाज खाली राहतो ही समजूत इथे उलटी पडते, कारण पुलाच्या आसपासच्या इमारतींत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची खिडकी थेट पुलाच्या पातळीला येते. पुलाच्या दोन तुकड्यांमधल्या सांध्यावरून ट्रक गेला की आधी पुढच्या आणि मग मागच्या चाकांचा ‘धड-धड’ असा जोडआवाज होतो. सततच्या गुणगुणीची सवय होते, या तुटक आवाजाची होत नाही. आपण सांगितलेल्या वर्णनावरून मागच्या वेळी वडिलांना जागवणारा आवाज हाच असावा, असा माझा अंदाज आहे.

इथवर सगळा दोष रस्त्याचा झाला. पण माझ्या नोंदवहीत रात्रीच्या ज्या तक्रारी होत्या त्यांतल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ हॉटेलच्या आतच असे. याविषयी एक प्रसंग सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा ज्या हॉटेलात होतो तिथे सर्वांत वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला, कोपऱ्यातली एक खोली होती. लिफ्टपासून लांब, शेजारी जिना नाही, खिडकीबाहेर कडुनिंब. आम्ही ती झोपेच्या बाबतीत काटेकोर असणाऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवत असू. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक तिथे उतरले आणि सकाळी म्हणाले, “तुमच्या वरच्या मजल्यावर पहाटे कोणीतरी पाय आपटतो.” वर मजला नव्हताच, गच्ची होती आणि तिला कुलूप होते. मी नम्रपणे तसे सांगितले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच सांगितले, आणि वर “मी चाळीस वर्षे मुलांच्या थापा ऐकल्या आहेत” असेही सुनावले. त्या रात्री मी त्यांना दुसरी खोली दिली आणि स्वतः तिथे झोपलो. चार वाजून दहा मिनिटांनी भिंतीतून बारीक घरघर सुरू झाली. अर्धा तास ती चालली आणि थांबताना एकदम ‘धाप्’ असा आवाज झाला, पलंगाच्या डोक्याशी, इतका स्पष्ट की मी उठून बसलो.

उलगडा सोपा होता. या शहराला पाणी जायकवाडीहून येते, पण नळाला ते किती दिवसांआड येते हे इथल्या कोणालाही विचारा. त्यामुळे हॉटेले टँकरवर चालतात. आमचा टँकर पहाटे चारला येई, रस्ता मोकळा मिळतो म्हणून. तो हौदात रिकामा झाला की वॉचमन मोटार लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवी. ते चढणारे पाइप नेमके त्या कोपऱ्यातल्या खोलीच्या भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले होते, म्हणून मोटारीची घरघर भिंतीत उतरे. मोटार बंद केली की पाइपातले सगळे पाणी मागे येऊ पाही आणि ते अडवणारा व्हॉल्व्ह धाडकन मिटे. मुख्याध्यापकांचा ‘पाय आपटणारा माणूस’ तो होता. आम्ही पट्ट्यांखाली रबर घातले, व्हॉल्व्ह हळू मिटणारा बसवला आणि टँकरवाल्याला सकाळी सातनंतर यायला सांगितले. तेव्हापासून मी पाहुण्यांना थापा मारणे पुष्कळ कमी केले.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे, की मराठवाड्यातल्या हॉटेलात उतरताना ‘टँकर किती वाजता येतो आणि मोटार किती वाजता लागते’ हा प्रश्न विचारायलाच हवा. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला तो सुचणार नाही. त्याच्याच जोडीला जनरेटर कुठे आहे ते विचारावे. कारखान्यातूनच आवाजरोधक पेटीत येणाऱ्या डिझेल जनरेटरला एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे नियमात बसणारा जनरेटरसुद्धा खिडकीखाली असला की झोप गेली. मागची खोली मागताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण जनरेटर, स्वयंपाकघराचा धूर ओढणारा मोठा पंखा आणि भांडी घासण्याची मोरी या तिन्ही गोष्टी बहुधा मागच्याच बाजूला असतात. आगीतून निघून फुफाट्यात पडू नये.

एसीचेही तसेच. जुन्या विंडो एसीचे यंत्र खोलीतच घुमते. स्प्लिट एसीचे बाहेर असते, पण ‘बाहेर’ म्हणजे पुष्कळदा आतल्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या अरुंद उभ्या पोकळीत, आणि त्या डक्टमध्ये आपल्या खोलीची खिडकी उघडत असेल तर आठ-दहा खोल्यांची यंत्रे आपल्यासाठीच घुमत असतात. बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे ज्या शाफ्टमध्ये उघडतात तिथून शेजाऱ्याचे बोलणे, खोकला, मोबाइलवरची गाणी सगळे येते. यावर उपाय साधा आहे: बाथरूमचे दार रात्री घट्ट लावून घ्यावे. सांगितल्याशिवाय कोणी तसे करत नाही, आणि केले की निम्मा त्रास संपतो. उन्हाळ्यात काही स्वस्त हॉटेले एसीऐवजी कूलर देतात. मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना तो नको म्हणण्याची सोय नसते, पण हलक्या झोपेच्या माणसाने कूलरची खोली घेऊच नये. पंख्याचा एकसुरी आवाज मात्र उपकारक ठरतो, बारीकसारीक आवाज त्यात बुडून जातात. फक्त पंखा कटकट करणारा नसावा.

माणसांच्या आवाजाबद्दल आता बोलतो. लिफ्टसमोरची, जिन्याजवळची आणि रूम बॉय जिथे चादरी-टॉवेल ठेवतात त्या खोलीशेजारची खोली घेऊ नये. यांतल्या शेवटच्या प्रकारची खोली मी स्वतः एकदा एका वृद्ध जोडप्याला ‘सर्वांत शांत कोपरा’ म्हणून दिली होती आणि तिच्या लगतच्या पॅन्ट्रीत पहाटे साडेपाचला चहाच्या किटल्या आपटायला सुरुवात होते हे माझ्या लक्षातच नव्हते. ती चूक सर्वस्वी माझी होती. मधल्या मजल्यावरची, मार्गिकेच्या मध्यावरची, वर गच्चीतले रेस्टॉरंट नाही आणि खाली हॉल किंवा परमिट रूम नाही अशी खोली उत्तम. दोन खोल्यांमध्ये मधले दार असेल तर ते दार म्हणजे आवाजाचा राजमार्ग असतो. पण आपण दोन खोल्या घेणार असाल आणि मधल्या दाराच्या पलीकडे आपलीच माणसे असतील, तर तीच गैरसोय सोय होते आणि रात्री आईला काही लागले तर मार्गिकेत यावे लागत नाही.

‘चोवीस तासांचे चेकआउट’ हा आपल्याकडच्या लॉजचा फार लोकप्रिय प्रकार. पाहुण्याला तो स्वस्त पडतो, पण त्याचा अर्थ असा की रात्रीच्या कोणत्याही प्रहरी कोणी येत असतो आणि कोणी जात असतो, बॅगांची चाके फरशीवरून खडखडत असतात. पहाटे मुंबईहून देवगिरी एक्सप्रेस आली की स्टेशन रोडच्या लॉजमध्ये दिवस उजाडलेला असतो. दुपारी बाराला ठरावीक चेकआउट असलेले हॉटेल रात्री बऱ्याच अंशी निजते.

आणि वऱ्हाड. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की मंगल कार्यालयांच्या आसपासची हॉटेले वऱ्हाडाने भरतात. बँड आणि डीजे कायद्याने दहाला थांबतात, पण पाहुणे मंडळी थांबत नाहीत. बऱ्याच वर्षांनी भेटलेले चुलत-मावस भाऊ खोल्यांची दारे उघडी टाकून दोन वाजेपर्यंत गप्पा मारतात आणि पोरे मार्गिकेत शिवाशिवी खेळतात. यात कोणाचा दोष नाही, लग्नघर आहे. आपण मात्र तारीख ठरवण्याआधी दिनदर्शिकेतले विवाहमुहूर्त पाहावेत आणि हॉटेलला स्पष्ट विचारावे: “त्या तारखांना तुमच्याकडे वऱ्हाड उतरणार आहे का?” या प्रश्नाला खोटे उत्तर देणे मॅनेजरला अवघड जाते.

तारखांचाच विषय निघाला आहे तर वारांचेही सांगतो. सोमवार ते गुरुवार इथल्या हॉटेलांत वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला आलेली माणसे आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारीख असलेले पक्षकार असतात. पक्षकारासारखा शांत पाहुणा नाही. तो चिंतेत असतो, लवकर जेवतो, लवकर निजतो. शुक्रवार-शनिवार-रविवारी सहली आणि समारंभ येतात. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. तेव्हा मंगळवारी दुपारपर्यंत पोहोचून त्या दिवशी विसावा आणि संध्याकाळी बीबी का मकबरा, बुधवारी अजिंठा, गुरुवारी वेरूळ आणि संध्याकाळी गुलमंडी, शुक्रवारी सकाळी परत, असा बेत आखलात तर दोन्ही लेणी उघडी मिळतील आणि तिन्ही रात्री आठवड्यातल्या शांत रात्री असतील. नातेवाइकांकडे मंगळवारी मकबऱ्यानंतर जाता येईल.

काही दिवस मात्र मुळातच टाळावेत. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या नामविस्तार दिनाला आणि १४ एप्रिलला शहरात अपार गर्दी असते. १९ फेब्रुवारीला क्रांती चौक रात्रभर जागा असतो. गणेशोत्सव आणि कर्णपुऱ्याच्या यात्रेचे नवरात्र वेगळे सांगायला नको. वर्षातून १५ दिवसांपर्यंत ध्वनिक्षेपकाची वेळ मध्यरात्री बारापर्यंत वाढवून देण्याची मुभा नियमातच आहे आणि ती याच दिवसांत वापरली जाते. हे दिवस पाहायला म्हणून यावे, मी स्वतः हौसेने गर्दीत जातो, पण झोपेची अपेक्षा ठेवून येऊ नये. इतर दिवशी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालू राहिला तर ११२ वर कळवता येते.

मध्यवस्तीत कुठे उतरावे, याबद्दल माझे मत असे. मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशनच्या अगदी समोरची हॉटेले आपल्यासाठी नाहीत. तिथे रात्र होतच नाही. गुलमंडी, सिटी चौक, टिळक पथ या जुन्या पेठेत गंमत अशी आहे की दिवसा कानठळ्या बसतात, पण दुकानांची शटर्स पडली की अकरानंतर तो भाग जालना रोडपेक्षा शांत होतो, कारण तिथून ट्रक जात नाहीत. अडचण गाडी लावण्याची आणि अरुंद जिन्यांची, आणि पहाटही तिथे लवकर होते. आपल्या गरजेला समर्थनगर, निराला बाजार आणि उस्मानपुऱ्याच्या आतल्या गल्ल्या अधिक योग्य आहेत. मुख्य रस्त्यापासून एक-दोन वळणे आत गेले की मध्ये इमारतींच्या दोन-तीन रांगा येतात आणि गुलमंडीला रिक्षाने दहा मिनिटांत पोहोचता येते. रुग्णालय किंवा न्यायालयाभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, त्याची पाटी दिसली म्हणून मात्र भाळू नये. तिथे कागदावर रात्रीची मर्यादा ४० डेसिबल असते आणि रस्त्यावर रुग्णवाहिका.

आता विचारायचे कसे. ॲपवरून बुकिंग केले तर ‘डिलक्स रूम’ एवढेच मिळते, कोणती ते नाही; आणि खोल्यांचे वाटप करताना थेट फोन केलेल्या, नेहमीच्या, ओळखीच्या पाहुण्यांना आधी चांगल्या खोल्या जातात, उरलेल्या ॲपवाल्यांना, हे मी वर्षानुवर्षे स्वतः केले आहे. भाव ॲपवर पाहावा, बुकिंग फोनवर करावे. फोन दिवसा न करता रात्री साडेदहानंतर करावा. त्या वेळी काउंटरवर रात्रपाळीचा माणूस असतो. कोणत्या खोलीतून तक्रार येते हे मालकाला ठाऊक नसते, त्याला पाठ असते. शिवाय फोनमधून मागचा आवाज आपल्यालाही ऐकू येतो. ताकाला जाऊन भांडे लपवू नये; सरळ सांगावे की वडिलांची झोप हलकी आहे, भाडे देतो ते झोपेचे देतो, तुम्ही स्वतःच्या वडिलांना कोणती खोली द्याल ती द्या. खोलीचा क्रमांक विचारून घ्यावा. मग येण्याच्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पुन्हा एक फोन करून तोच क्रमांक आठवण म्हणून सांगावा, कारण त्या दिवसाचे वाटप साधारण त्याच वेळी होते आणि आधीचे शब्द रात्रपाळीबरोबर घरी गेलेले असतात.

पोहोचल्यावर सामान वर नेण्याआधी खोली पाहावी. आत जाऊन दार-खिडकी लावावी, एसी, पंखा, टीव्ही बंद करावा आणि दोन मिनिटे कोणी बोलू नये. मग दिवे मालवून दाराकडे पाहावे: खालून आणि कडेने मार्गिकेचा उजेड जितका दिसतो तितकाच आवाज रात्री येणार. जमिनीशी बोटभर फट असेल तर जाड टॉवेल गुंडाळून लावला तरी काम भागते. शेजारच्या खोलीच्या भिंतीवर बोटाचे पेर वाजवावे. टणक लागले तर वीट, पोकळ ‘डब-डब’ वाजले तर प्लायवुड किंवा जिप्समचा पडदा. जुना हॉल तोडून खोल्या काढलेल्या हॉटेलात असे पडदे सर्रास सापडतात, आणि वरून कागद इतका सुंदर लावलेला असतो की डोळ्यांना कळत नाही. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात. रूम बॉय थोडा चमत्कारिक नजरेने पाहील, पाहू द्यावे.

आईसाठी पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या फोटोत दिसत नाहीत. लिफ्ट आहे असे सांगतात, पण ती पहिल्या मजल्यापासून सुरू होते आणि रिसेप्शनपर्यंत दहा पायऱ्या असतात, असे आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणून ‘गाडीपासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या’ असे विचारावे. बाथरूमला मोठा उंबरठा नसावा, कमोडशेजारी धरायला दांडी असावी, नसेल तर प्लास्टिकची खुर्ची मागून घ्यावी. गादी काथ्याची जुनी असेल तर मध्ये खळगा पडलेला असतो आणि गुडघे दुखणाऱ्याला त्यातून उठणे जिवावर येते. गरम पाणी सोलरचे असेल तर खालच्या मजल्यांवर नळ बराच वेळ सोडावा लागतो, तेव्हा खोलीत गीझर असलेला बरा. पश्चिमेकडची आणि गच्चीखालची खोली उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत तापलेली राहते.

खर्चाचे म्हणाल तर शांततेसाठी फार महाग हॉटेल लागत नाही. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के झाला आहे, त्याच्या पुढे तो १८ टक्के आहे. ती रेघ ओलांडण्याची आपल्याला गरज पडणार नाही. कानातले फोमचे बोळे चार रुपयांचे असोत की चाळीसचे, वडिलांना चालत असतील तर जरूर द्यावेत, पण त्याच खोलीत झोपणाऱ्या दुसऱ्या कोणाचे तरी कान उघडे असावेत, दार वाजले तर कळले पाहिजे.

एवढे करूनही पहिल्या रात्री खोली जमली नाही असे वाटले, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री साडेदहाच्या सुमारासच काउंटरवर फोन करून खोली बदलून मागावी. त्या वेळी न आलेल्या बुकिंगच्या दोन-तीन खोल्या हाताशी असतात आणि चादरी बदलणारा माणूस इमारतीत असतो. बारानंतर किल्ल्या असतात, पण तो माणूस घरी गेलेला असतो, आणि मग रात्रपाळीचा मॅनेजर फार नम्रपणे सांगतो की सगळ्या खोल्या भरल्या आहेत.